चुकलेल्या बाहुल्या: पुरस्कार कुणाला मिळाला आणि कुणाला मिळायला हवा होता

मेट्रो_बाल्कनी (धागाकर्ता)

'यंदा अमक्यावर अन्याय झाला' असं दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. मला त्यात फारसा रस नाही. एका वर्षात चार चांगली कामं होतात, बाहुली (फिल्मफेअरची ट्रॉफी) एकाला मिळते, बाकीचे तिघं टाळ्या वाजवतात. त्याला अन्याय म्हणत नाहीत.

माझी तक्रार वेगळी आहे. जे काम खरोखर मोठं असतं ते हुकतं, मग परीक्षकांना टोचणी लागते, आणि काही वर्षांनी त्याच माणसाला भलत्याच चित्रपटासाठी स्टेजवर बोलावून मोकळे होतात. त्या वर्षी ज्याचा हक्क होता तो मात्र बाहेर. मग पुढे त्याची भरपाई. चाळीतली भिशीच ही! नंबर लागला की पैसे मिळणार, गरज कधी होती ते कुणी विचारत नाही.

मुळापासून धरू. २१ मार्च १९५४, धोबीतलावचं मेट्रो थिएटर, फिल्मफेअरचा पहिला सोहळा. पुरस्कार पाचच. चित्रपट 'दो बीघा जमीन', दिग्दर्शक बिमल रॉय, अभिनेता दिलीपकुमार ('दाग'), अभिनेत्री मीनाकुमारी ('बैजू बावरा'), संगीत नौशाद ('बैजू बावरा'). चित्रपट सर्वोत्कृष्ट, दिग्दर्शन सर्वोत्कृष्ट, आणि कलकत्त्याच्या रस्त्यावर हातरिक्षा ओढत ज्याने तो चित्रपट पेलला तो बलराज सहानी रिकाम्या हाताने घरी. दिलीपकुमारबद्दल काडीचा आकस नाही, पण 'दाग' आज कोण शोधून बघतं? त्यांना पुढे आणखी सात मिळाले. सहानींना आयुष्यभरात एकही नाही.

दुसरं उदाहरण १९७३ चं. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. त्या वर्षी 'पाकिजा' आणि 'बेईमान' एकाच यादीत होते. सर्वोत्कृष्ट चित्रपट 'बेईमान', दिग्दर्शक 'बेईमान', अभिनेता 'बेईमान', आणि संगीतसुद्धा 'बेईमान'! 'पाकिजा'चं संगीत गुलाम मोहम्मद यांचं. ते १९६८ मध्येच गेले होते, चित्रपट १९७२ साली लागला. त्यांची गाणी लोकांच्या ओठांवर बसलेली त्यांनी पाहिलीच नाहीत. इथे भिशीही चालली नाही, कारण नंतर द्यायला माणूसच उरला नव्हता. त्याच सोहळ्यात प्राणसाहेबांना 'बेईमान'साठी सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. संगीताचा पुरस्कार 'पाकिजा'ला मिळायला हवा होता, असं सांगून त्यांनी तो नाकारला. स्वतःच्याच चित्रपटाच्या विरोधात! आयुष्यभर पडद्यावर खलनायक रंगवलेल्या माणसाने हे केलं आणि सज्जन नायकांपैकी कुणाला सुचलं नाही.

तिसरं, अमिताभ. १९७६ ला फिल्मफेअरने 'दीवार'ला जवळजवळ सगळं दिलं. चित्रपट, यश चोप्रा, सलीम-जावेद, सहाय्यक अभिनेता शशी कपूर. विजय झालेल्या अमिताभला मात्र नाही. तो पुरस्कार संजीवकुमारला 'आंधी'साठी. मग राष्ट्रीय पुरस्कार कधी? 'अग्निपथ'साठी, १९९० चा. सरळ सरळ थकबाकी.

तुमच्याकडची उदाहरणं येऊ द्या. नुसतं '+१' नको, कुणाचा काढून कुणाला द्यायचा तेही सांगा.


शेवटची_लोकल

शाहरुख. 'स्वदेस'ला द्यायचा होता, 'जवान'ला दिला. विषय संपला.


मेट्रो_बाल्कनी

संपला कसा? २००४ सालचा राष्ट्रीय पुरस्कार सैफ अली खानला 'हम तुम'साठी. तो आठवून आजही माझा चहा थंड होतो. 'स्वदेस'मधला मोहन भार्गव त्या मानाने किती अवघड. रडायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं बघायचं आणि ऐकायचं. स्टेशनवर पंचवीस पैशांचं पाणी विकणारा पोरगा आठवतोय ना? (वाईजवळ मेणवलीला शूटिंग झालेलं, त्यामुळे आपल्या मंडळींना तो घाट ओळखीचा.) फिल्मफेअरने निदान 'स्वदेस'साठी दिला. राष्ट्रीयला वीस वर्षं लागली, आणि मग विक्रांत मेस्सीबरोबर विभागून.


लालबागचा_प्रेक्षक

दादा, 'अग्निपथ'वर आक्षेप. तुम्ही म्हणता थकबाकी, मी म्हणतो नाही. मांडव्याचा विजय दीनानाथ चौहान हे काम 'दीवार'पेक्षा कणभरही कमी नाही. उलट त्यात धोका जास्त होता. माणसाने स्वतःचा जगप्रसिद्ध आवाज मोडून वेगळा लावला, पब्लिकने थिएटरात शिव्या घातल्या, धंदा झाला नाही. स्टारने असं करणं आणि ज्युरीने ते ओळखणं, यात भरपाई कुठे आली? त्या वर्षी फिल्मफेअर सनी देओलला 'घायल'साठी दिलं, तेव्हा खरं तर राष्ट्रीय ज्युरीचं डोकं जाग्यावर होतं.

तुमची भिशी सगळीकडे लागू पडत नाही एवढंच.


कात्री_आणि_टेप

संकलनाच्या धंद्यातला माणूस आहे, म्हणून माझं दुखणं मांडतो. 'शोले'. त्या १९७६ च्याच सोहळ्यात 'शोले'ला मिळालेला फिल्मफेअर किती? एक. आणि तो कुणाला? संकलक एम. एस. शिंदे यांना. आपला मराठी माणूस. गब्बर नाही, ठाकूर नाही, पंचमदांचं संगीत नाही, छायाचित्रण नाही. सगळे म्हणतात 'शोले'वर अन्याय झाला, आणि त्या एका पुरस्काराचं नाव कुणाला विचारा, गप्प.

ठाकूरच्या कुटुंबाची हत्या पुन्हा बघा. गोळी लागली की चित्र गोठतं, एकेक करून. शेवटी गब्बर त्या लहान पोरावर बंदूक रोखतो, आणि पोरगं पडताना आपल्याला दिसतच नाही. गोळीच्या आवाजावर कट, पुढे थेट आगगाडी. हे आज कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत करता येतं. तेव्हा फिल्म हातात धरून, कापून, चिकटवून करायचे, आणि चुकलं तर पुन्हा उसवायचं. माझ्या मते पन्नास वर्षांत फिल्मफेअरने दिलेला सगळ्यात बरोबर पुरस्कार हा. धाग्याला उलटं उदाहरण दिलं, चालेल ना?


मेट्रो_बाल्कनी

चालेल काय, पळेल! तसं असेल तर 'पाकिजा'चंही एक: कलादिग्दर्शनाचा पुरस्कार एन. बी. कुलकर्णींना मिळाला होता. ज्यांची नावं लोक वाचत नाहीत त्या खात्यांत निवड बऱ्याचदा बरोबर होते. कारण तिथे पोस्टरवरचा चेहरा मध्ये येत नाही.


मुलुंडची_मावशी

पुरुषांचंच चाललंय सगळं. मी येते मध्ये.

'उंबरठा'. स्मिता पाटील, सुलभा महाजन. राष्ट्रीय पुरस्कारांत 'उंबरठा'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट दिला, आणि अभिनेत्रीचा त्याच वर्षी रेखाला 'उमराव जान'साठी. रेखा सुंदर दिसली, छान बोलली, आशाताईंच्या आवाजात ओठ हलवले. मान्य. पण महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून आलेली ती बाई, संस्थेच्या बैठकीत उभी राहून बोलताना स्मिताच्या मानेची शीर दिसते हो! आणि शेवटी घरी परत आल्यावर नवऱ्याचं कळतं, तेव्हा ती ना किंचाळते ना कोसळते. पुन्हा बाहेर पडते. तेवढ्या पाच मिनिटांसाठी द्यायला हवा होता.

ज्युरीने काय विचार केला असेल ते मला ठाऊक आहे. आदल्याच वर्षी 'चक्र'साठी तिला दिला होता, त्याआधी 'भूमिका'साठी. आता दुसरीला द्या. मग पुढची तीन वर्षं ओळीने शबानाला कसा दिला? 'अर्थ', 'खंडहर', 'पार'. तेव्हा नाही आठवलं कुणाला की गेल्या वर्षीच दिलाय म्हणून?


शेवटची_लोकल

मावशी __/\__


लालबागचा_प्रेक्षक

मावशी, शबानाचे तिन्ही बरोबर आहेत पण. 'पार'मध्ये डुकरांचा कळप घेऊन नदी पार करते ते बघून मी आठवडाभर जेवलो नव्हतो नीट.


मुलुंडची_मावशी

मी कुठे म्हटलं चुकीचे? एकीला लागोपाठ दिला तर दुसरीला का नाही, एवढंच विचारलं. वाचा नीट.


नियमपंडित

बऱ्याच जणांचा वर्षांचा गोंधळ होतोय म्हणून थोडं नियमांचं. राष्ट्रीय पुरस्कारांत वर्ष धरतात ते सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचं, थिएटरात लागल्याचं नाही. 'उंबरठा' लोकांनी १९८२ साली पाहिला, स्पर्धेत तो १९८१ च्या यादीत होता. 'श्वास' २००४ मध्ये लागला, सुवर्णकमळ (देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार) २००३ चं. आणि सगळ्यात गंमत 'सैराट'ची: रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख २०१६ च्या मार्चमध्ये जाहीर झाला, चित्रपट एप्रिलच्या शेवटी लागला. आर्ची कोण हे महाराष्ट्राला कळायच्या आधी दिल्लीला कळलं होतं.

दुसरं, चित्रपट निर्मात्याने पाठवावा लागतो. ज्युरी आपणहून शोधत बसत नाही. आधी पाच विभागीय ज्युरी बघतात, त्यांनी पुढे पाठवलेलं मध्यवर्ती ज्युरी बघते. तेव्हा 'अमक्याला का नाही दिला' याच्या आधी 'पाठवला होता का' हा प्रश्न असतो.

आणि अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले ते १९६७ च्या चित्रपटांपासून. त्याआधी फक्त चित्रपटांना पदकं. म्हणून 'श्यामची आई'ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं (त्याच वर्षी 'दो बीघा जमीन'ला गुणवत्ता प्रमाणपत्र), पण त्यात आई झालेल्या वनमालाबाईंना अभिनयासाठी काही नाही. द्यायला खातंच नव्हतं.


मेट्रो_बाल्कनी

ही माहिती सोन्यासारखी, पंडित. यावरून एक सुचलं. मराठी चित्रपट दिल्लीला गेला की त्याला 'सर्वोत्कृष्ट मराठी' हा शिक्का मिळतो आणि सगळे खूश होऊन परततात. त्या शिक्क्यापायी आपण माणसांच्या कामाचं भांडण करतच नाही. 'कोर्ट' बघा. सुवर्णकमळ मिळालं, व्हेनिसला दोन पुरस्कार, ऑस्करला भारताची प्रवेशिका. सगळं चैतन्य ताम्हाणेच्या नावावर, आणि ते बरोबरच. पण त्यातल्या सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णी? कोर्टात कायद्याची कलमं वाणसामानाच्या यादीसारखी वाचते, मग लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. शाहिराला तुरुंगात धाडणारी बाई आणि आपल्या शेजारी बसून साडीबद्दल बोलणारी बाई एकच आहे, हे तिने एकदाही न सांगता दाखवलं. त्या वर्षी अभिनेत्रीचा पुरस्कार कंगनाला 'क्वीन'साठी. कंगनाचं काम चांगलं होतं, नाही म्हणत नाही. पण मी परीक्षक असतो तर गीतांजली.

आणि शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार? २०२१ मध्ये कोविडने गेले. त्यांचं नाव तर कुणी घेतलंच नाही.


कात्री_आणि_टेप

'फँड्री'तला किशोर कदम त्याच रांगेत. डुक्कर पकडायला सगळं कुटुंब धावतंय, शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, आणि कचरू माने जागच्या जागी ताठ उभा राहतो. सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा मिळाला, नागराजला पदार्पणाचा मिळाला. किशोर कदम मधल्या मध्ये राहिला. त्या वर्षी 'शाहिद'साठी राजकुमार रावला होता, विभागून. विभागतच होते तर आणखी एक वाटा करायचा.


फास्टट्रॅक_अंधेरी

जुन्या लोकांचं झालं असेल तर आजचं बोलू का? :)

छाया कदम. २०२४ मधले बाईचे हे दोन चित्रपट घ्या. 'लापता लेडीज'मध्ये फलाटावर चहाची टपरी चालवणारी मंजू माई, आणि पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मध्ये हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती. दुसऱ्याला कानच्या चित्रपट महोत्सवात ग्रां प्री (तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार) मिळालं. फिल्मफेअर मिळालं मंजू माईसाठी. मंजू माई मलाही आवडते, पण तिला लिहूनच तशी दिलीय: तोडून बोलते, लोक हसतात, टाळ्या पडतात. पार्वतीला काही दिलेलं नाही. कागदपत्रं नाहीत म्हणून बिल्डर घर रिकामं करायला लावतोय, आणि ती शेवटी बॅग उचलून रत्नागिरीला निघते. अशा बायका दादर-परळला प्रत्येक मजल्यावर होत्या. आता टॉवर झालेत तिथे. दादा, तुमचा नियम इथे लागू: बरोबर बाई, चुकीचा चित्रपट. फक्त एकाच वर्षात!

आणि ऑस्करला पाठवला कुठला? 'लापता लेडीज'. शॉर्टलिस्टमध्येसुद्धा आला नाही.


नियमपंडित

पायल कपाडियाचा चित्रपट मुख्यतः मल्याळम, त्यात हिंदी-मराठी. फिल्मफेअरचा तो सोहळा हिंदी चित्रपटांचा. त्यामुळे तिथे तुलनाच होऊ शकत नव्हती. ऑस्करचा मुद्दा वेगळा, ती निवड फिल्म फेडरेशन करतं. २०१३ मध्येही 'लंचबॉक्स' सोडून 'द गुड रोड' पाठवला होता.


लालबागचा_प्रेक्षक

म्हणजे मुंबईवरचा चांगला चित्रपट आला की फेडरेशनला दुसरं काहीतरी आवडतं. आता फिल्मफेअरचा सोहळाही मुंबईत होत नाही धड. गुवाहाटी झालं, गांधीनगर झालं, अहमदाबाद झालं. मेट्रोवाले दादा, तुमचं आयडी बदला.


मेट्रो_बाल्कनी

आयडी राहील. मेट्रोही आहे अजून, भले आत पडद्यांचे तुकडे झाले असतील.

आता 'सहाय्यक' या खात्याबद्दल. 'सत्या'तला भिकू म्हात्रे. नाव सत्या असेल चित्रपटाचं, पण लोक भिकूला बघायला परत गेले. मनोज वाजपेयीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सहाय्यक म्हणून. फिल्मफेअरने समीक्षकांचा दिला, आणि मुख्य यादीतला सहाय्यक अभिनेत्याचा सलमानला, 'कुछ कुछ होता है' साठी. ज्याला कुठे बसवायचं ते कळत नाही त्याला सहाय्यकाच्या रांगेत बसवायचं. वैजयंतीमालाने 'देवदास'च्या वेळी हेच म्हटलं होतं, माझी भूमिका सहाय्यक नाही, आणि पुरस्कार घेतला नाही. तिचं बरोबर होतं.


कात्री_आणि_टेप

मनोजचं पुढे नीट झालं मात्र. 'भोंसले'साठी मुख्य अभिनेता, धनुषबरोबर. निवृत्त हवालदार, चाळीतली खोली, बाहेर गणपतीची तयारी, आणि तोंडातून शब्द निघत नाही. ही भरपाई नव्हे, हे त्याचं सगळ्यात चांगलं काम आणि त्यालाच मिळालं. भिशीला अपवाद म्हणून नोंदवा.


मेट्रो_बाल्कनी

नोंदवला. पण 'भोंसले' किती जणांनी पाहिला? लोकांनी पाहिलेलं काम आणि ज्युरीने पाहिलेलं काम, यातली दरी हा आणखी एक धागा होईल.


मुलुंडची_मावशी

तो नंतर काढा. आधी मला फाळके पुरस्काराबद्दल बोलायचंय.

सुलोचनादीदी. पद्मश्री मिळाली, महाराष्ट्र भूषण मिळाला. दादासाहेब फाळके पुरस्कार नाही मिळाला. जून २०२३ मध्ये गेल्या. भालजींच्या चित्रपटांपासून ते हिंदीतल्या प्रत्येक मोठ्या नायकाच्या आईपर्यंत, एवढं काम कुणाचं आहे? ललिता पवारांनाही नाही. दुर्गाबाई खोटे, शांतारामबापू, लतादीदी, भालजी, आशाताई यांना मिळाला, पण आशाताईंचा २००० चा. त्यानंतर एकही मराठी नाव नाही.


शेवटची_लोकल

मावशी, रजनीकांत आहे ना, २०१९ चा. मूळचा शिवाजीराव गायकवाड. धरा मराठी कोट्यात.


मुलुंडची_मावशी

धरला. तरी दीदींचा राहिलाच.


फास्टट्रॅक_अंधेरी

आता मरणोत्तर देता येईल का?


नियमपंडित

झालंय पूर्वी. पृथ्वीराज कपूर यांना आणि विनोद खन्नांना मरणोत्तरच मिळाला. तेव्हा अशक्य नाही. मात्र दोघांनाही गेल्यावर फार वर्षं न घालवता दिला होता.


लालबागचा_प्रेक्षक

चला, आता सगळ्यात मोठा प्रश्न. अशोकमामा. महाराष्ट्र भूषण झालं, पद्मश्री झाली, पण अभिनयाचं राष्ट्रीय पारितोषिक कधीच नाही. विनोदी नट म्हटलं की ज्युरीचा हात आखडतो. रडवलं की अभिनय, हसवलं की टाइमपास.


मेट्रो_बाल्कनी

भावना पोचल्या. पण नियम तोच: कुठल्या चित्रपटासाठी, आणि कुणाचा काढून?


लालबागचा_प्रेक्षक

'अशी ही बनवाबनवी'. धनंजय माने. १९८८.


नियमपंडित

१९८८ चा राष्ट्रीय पुरस्कार प्रेमजी यांना, 'पिरवी' या मल्याळम चित्रपटासाठी. हरवलेल्या मुलाची वाट बघत रोज बसथांब्यावर जाणारा म्हातारा बाप.


मेट्रो_बाल्कनी

बघा. तो मी काढून घेऊ देणार नाही. ते काम मी पाहिलंय.


मुलुंडची_मावशी

काढू नका हो. विभागून द्या. शाहरुख-विक्रांतला विभागून चालतो, राजकुमार रावला चालतो, मनोजला चालतो. एकीकडे तो बाप आणि एकीकडे धनंजय माने. त्या चित्रपटात चार जण चार दिशांना उधळलेत, प्रत्येक प्रसंगात थाप तोच रचतोय आणि निस्तरतोयही तोच, आणि एवढ्या गोंधळात त्याचं टायमिंग एकदाही चुकत नाही. कात्रीवाले, तुम्हीच सांगा.


कात्री_आणि_टेप

संकलकाच्या नजरेने सांगू? अशोक सराफच्या प्रतिक्रियेवर कट करायचा असेल तर कुठेही करता येतो. फ्रेम थांबवून बघा, डोळे चालूच असतात. माझं मत विभागून.


मेट्रो_बाल्कनी

पाच विभागीय ज्युरींतून पुढे आला तर विचार करू.